अकरा भोकांचा हत्ती

मी चौथीत होते तेव्हा आमच्या चुलीत वेलबुट्ट्या जळत. कोयऱ्या, कमळं, मोरांच्या जोड्या. माझा बाप कापड छापायचे लाकडी ठसे कोरायचा आणि सिंधीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आजोबा-पणजोबांच्या हातचे ठसे भिंतीला लावून रचलेले होते. आगगाडीने गिरणीची छापील लुगडी येऊ लागली, तसे नदीच्या राजघाटावर कापड धुवायला येणारे छापणारे कमी होत गेले. छापणाराच नाही तर ठसा कोण घेणार? दोन हंगाम एकही विकला गेला नाही. सरपणाला पैसे नव्हते, म्हणून माय जुने ठसे चुलीत घालायची. तेल आणि रंग मुरलेलं सागवान, लगेच पेट घ्यायचं. बा तेवढा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा.

दापोऱ्याच्या मामाचा निरोप आला होता. "दाजींना म्हणावं, संक्रांतीपर्यंत बघा. नाहीच जमलं तर सगळे इकडे या. केळीच्या बागेत काम आहे, पोरीच्या हातालाही काम मिळेल." मामा मनाचा चांगला होता. पण दापोऱ्याला जायचं म्हणजे बाचं कोरणं संपलं आणि माझी शाळाही. हे घरात सगळ्यांना कळत होतं, बोलत कोणी नव्हतं.

संक्रांतीच्या आधी गावातल्या छापखान्याचे मालक आमच्या ओट्यावर आले. कापसाच्या गठाणींवर डकवायच्या चिठ्ठ्या त्यांना छापायच्या होत्या, चिठ्ठीवर मधोमध काळाभोर हत्ती. मुंबईहून आणलेला ठसा तडकला होता.

"मिस्त्री, कागदावरचं काम कराल?"

"लाकूड तेच, हात तोच. का नाही करणार, शेठ?"

"व्यापारी खूश झाला तर छापखान्याचं सगळं कोरीवकाम तुमचं. कायमचं."

मापासाठी त्यांनी शिशाचं एक अक्षर दिलं. छापखान्यात त्याला खिळा म्हणतात. ठसा बरोबर या खिळ्याइतका उंच हवा, केसभर जास्त नाही की कमी नाही. बाला वाचता येत नव्हतं. मी तो खिळा हातात घेतला आणि म्हटलं, "हा उलटा 'म' आहे." बा म्हणाला, "आमच्याकडे सगळं उलटंच असतं, बेटा. सुलट होतं ते कापडावर."

त्याच्या धंद्याचे शब्द मी तेव्हाच नीट ऐकले. बाह्यरेषेचा ठसा तो रेघेचा, आत रंग भरणारा तो भरणीचा. भरणीच्या ठशाला आरपार बारीक भोकं पाडायची, म्हणजे ठसा कापडावर दाबला की आतली हवा निघून जाते आणि रंग सारखा बसतो. त्या भोकांना आमच्या घरात श्वास म्हणत. "बिना श्वासाचा ठसा म्हंजे मुर्दा," बा म्हणायचा.

चार दिवसांत हत्ती झाला. सोंडेवरच्या सुरकुत्या, नखं, शेपटीचे केस. मी पुढे पुष्कळ चित्रं पाहिली, कॉलेजात शिकले, पण एवढ्याशा लाकडात एवढा भारदस्त हत्ती मला पुन्हा दिसला नाही.

छापखान्यात काय झालं ते बानेच सांगितलं. पहिला कागद निघाला आणि मशीन चालवणारा म्हणाला, "मालक, हत्तीला देवी आल्या की." हत्तीच्या पोटावर पांढरे ठिपके होते. अकरा.

"ही भोकं कशाची, मिस्त्री?"

"श्वास आहेत, शेठ. एवढा मोठा भरीव हत्ती, त्याला अकरा तरी पाहिजेत."

मालक हसले नाहीत. त्यांनी शाई बोटावर घेऊन दाखवली. "तुमचा रंग पाण्यासारखा. ओल्या कापडात पसरतो, भोक झाकतो. ही शाई काकवीसारखी. जिथे लागली तिथेच राहते. उद्या सकाळी व्यापारी येणार आहे, आता काय करू मी?"

दुपारी बा ठसा घेऊन घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. "दापोऱ्याला निरोप धाड," मायला म्हणाला.

माय भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही. "भोकं पाडता येतात, बुजवता येत नाहीत? कारागीर म्हणवता ना?"

बा उठला. त्याने हत्तीच्या फळीचाच उरलेला तुकडा काढला. त्याच लाकडाच्या, सुईएवढ्या अकरा खुंट्या तासल्या. मायने चुलीवर सरस वितळवला. एकेक खुंटी ठोकून, वरचं टोक कापून, बाने घासायला घेतलं. ऊन उतरेपर्यंत घासत होता. मग मला म्हणाला, "डोळे मीट, बोट फिरव. कुठे लागतं का?" मी बोट फिरवलं. कुठेच लागलं नाही.

सकाळी व्यापाऱ्यासमोर हत्ती छापला, तो अखंड काळा. व्यापाऱ्याने कागद उजेडात धरून पाहिला आणि गठाणीच्या चिठ्ठ्यांबरोबर आपल्या दुकानाच्या नावाचाही ठसा करायला सांगितला. मशीनवाल्याने मात्र पिच्छा सोडला नाही. त्यानंतर छापखान्यात कुठल्याही काळ्या छपाईत पांढरा ठिपका दिसला की तो ओरडायचा, "देवी आल्या, मिस्त्रींना बोलवा, श्वास बुजवायचाय." नवीन आलेली माणसंही तसंच म्हणू लागली. खिळे, फर्मा, जुळणी हे शब्द बाने तिथून घरी आणले, आणि आमच्या घरातला एक शब्द तिथे ठेवून आला. नागपूरला कॉलेजात प्राध्यापक मुद्रणाच्या इतिहासावर बोलले, तेव्हा मी वहीत सगळं उतरवून घेतलं. श्वास त्यात नव्हता. मी समासात लिहून ठेवला.

त्या दिवसापासून चुलीत ठसे गेले नाहीत. हात थकेपर्यंत बा त्या छापखान्याचं कोरीवकाम करत राहिला. आम्ही दापोऱ्याला गेलो ते फक्त मामाकडे पाहुणे म्हणून. माझी शाळा सुटली नाही आणि मी बी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली.