कमरेत आत घेतलेले मास्तर

टेलरमास्तरांना आपल्या हुशारीचा फार अभिमान होता. त्या हुशारीनंच आपली वाट लावली, हे आता ते स्वतःच गिऱ्हाईक समोर बसलं की तिखटमीठ लावून सांगतात. "पाठीवरचं ओझं कमी झालं की गाढवालासुद्धा कळतं," ते म्हणतात. "मला नाही कळलं."

साथ येण्याच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, "मास्तर, साखर वाढायला लागलीय. अजून काही बिघडलेलं नाही, पण दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. चुकवायचं नाही." मास्तरांनी मान डोलावली. मग साथ आली. दवाखान्यात फक्त तापाचे पेशंट घेऊ लागले, फोन लावावा तर तो कुणी उचलेना. पहिली तपासणी अशी खरोखरच हुकली. शिक्षक आजारी पडल्यावर वर्गाला होतो तसला आनंद मास्तरांना झाला. पुढे दवाखाना नीट सुरू झाला, तोवर त्यांच्याकडे सबबींचा साठा तयार होता. तिथं गेलो तर नको तो आजार घरी आणू, मास्क शिवायचे राहिलेत, आणि मुख्य म्हणजे, दुखतंय कुठं?

दरम्यान पँट ढिली होऊ लागली. दुसऱ्या कुणी पट्टा आवळला असता, कमरेला चुण्या पडल्या असत्या आणि बायकोनं ते पाहून घर डोक्यावर घेतलं असतं. पण मास्तर पडले कारागीर. पँट घसरली की ते मशीनवर बसत आणि कंबर आत घेत. मग मांड्या आत घेतल्या, मग शर्टाचे खांदे. काम इतकं बेमालूम, की आत माणूस वाळत चाललाय याचा बाहेर कुणाला पत्ता नाही. डॉक्टरांनी एकदा व्हिडिओवर पाहिलं तेव्हा त्याही फसल्या. "तब्येत छान दिसतेय की! पण रक्त तपासून घ्या हं," त्या म्हणाल्या. मास्तरांनी बायकोला यातलं पहिलं वाक्य तेवढं सांगितलं.

बिंग फुटलं ते शेजारच्या रिटायर कंडक्टरांमुळे. हे दोघं अंगानं अगदी एकसारखे, एकाची पँट दुसऱ्याला सहज व्हायची. कंडक्टरांना नवी पँट शिवायची होती, पण टेप घेऊन कुणाच्या जवळ जायची तेव्हा सोय नव्हती. कंडक्टर खिडकीतूनच म्हणाले, "माप कशाला घेताय? तुमची पँट ठेवा कापडावर आणि कापा."

मास्तरांनी तसंच केलं. कंडक्टर दुकानात ट्रायलला आले, तर नवी पँट मांड्यांपाशी अडली ती अडलीच.

"घरी बसून सुटलात तुम्ही," मास्तर म्हणाले. "दिवसभर चरताय वाटतं."

"काहीतरीच काय! ही मी घालून आलो ती बघा. तुम्हीच शिवलेली, अजून बरोबर बसतेय. जरा तुम्हीच चढवून बघा."

मास्तरांनी कंडक्टरांची पँट आपल्या पँटवरूनच चढवली, बटण लावलं आणि हात सोडला. पँट सरळ गुडघ्यांवर आली. कंडक्टर खो खो हसले, मास्तरही हसले. दुकानामागच्या खोलीतून बायको पाहत होती, ती हसली नाही. कंडक्टर गेल्यावर तिनं मास्तरांची पँट काढायला लावली आणि उलटी केली. आत घडीवर घडी होती, टिपेवर टीप.

"जगाला फसवलंत ते फसवलंत," ती म्हणाली. "मलाही?"

तेव्हा कुठं मास्तरांना भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी बायकोनं त्यांना दवाखान्यात नेलं. बोटातल्या थेंबाचा आकडा पाहून डॉक्टर रागावल्या नाहीत, त्यामुळे मास्तर जास्तच घाबरले. साखर औषधांनी आटोक्यात आणू, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आता पाय बघू. आडवे व्हा आणि डोळे मिटा. मी तळव्याला टोचते. टोचलं की सांगायचं."

मास्तर डोळे मिटून पडून राहिले. बराच वेळ काही होईना. बाईंचा हात धजत नसावा, असं त्यांना वाटलं.

"टोचा की डॉक्टर, घाबरताय काय! टेलर माणूस मी, जन्म सुयांत गेला."

त्यांनी डोळे उघडले. बायकोनं तोंडावर हात धरला होता, आणि डॉक्टर दोन्ही तळवे टोचून झाल्यावर टाचणी ट्रेमध्ये ठेवत होत्या.