बंद दारापाशी हजर

वर्गात बरोबर शिकणारी पोरं तिला मावशी म्हणायची. वय बावन्न, विषय गुन्हेगारी न्याय आणि कारागृह सुधारणा. पोरं पुस्तकातून तुरुंग शिकत होती, मावशी तिथे नऊ वर्षं काढून आलेली. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "राहून झालं रे, शिकायचं तेवढं राहिलं होतं."

तुरुंगात कैदी दार उघडत नाही. नाव पुकारलं की दारासमोर यायचं, हात मागे बांधायचे, 'हजर' म्हणायचं आणि थांबायचं. दाराला हात लावला की शिक्षा. ही सवय मावशीच्या हाडीमाशी खिळली होती. सुटल्यापासून ती धाकट्या बहिणीकडे राहायची; तिच्यासाठी बहीण घरातलं एकही दार लावत नसे, न्हाणीघरालासुद्धा तिने पडदा टांगला होता. वर्गाचं दार दिवसभर सताड उघडं, त्यामुळे दोन वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटची राहिली तोंडी परीक्षा. सुटून आलेल्या बायकांच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा तिच्यासाठी महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवली होती, आणि त्यासाठी निकाल हातात हवा होता. यादीत तिचं नाव सगळ्यांत खाली. पोरं आटोपून निघून गेली, व्हरांडा रिकामा झाला. आतून पुकारा झाला. मावशी उठली, बंद दारासमोर उभी राहिली, हात मागे बांधून हलक्या आवाजात म्हणाली, "हजर." पुन्हा पुकारा झाला. ती पुन्हा म्हणाली. दार काही उघडलं नाही.

पंधरा मिनिटांनी विभागप्रमुख बाहेर आले. हातातल्या कागदावर तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलेलं होतं.

"अहो, दोनदा पुकारलं तुम्हाला."

"हो सर. दोन्ही वेळा ओ दिली."

"मग आत यायचं ना. दार नुसतं लोटलेलं होतं."

मावशीला आधी लाज वाटली. मग मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, तुमच्याच पुस्तकातलं सहावं प्रकरण. फार वर्षं कोंडलेला माणूस स्वतःहून दार उघडत नाही. तुम्हीच पाठ करून घेतलंत, वीसपैकी एकोणीस दिलेत मला."

"ते पुस्तकात ठीक आहे. इथे नियम आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा बसा," असं म्हणून सर आत गेले आणि दार लोटून घेतलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! जन्मभर कैद्यांवर व्याख्यानं दिली या माणसाने, आणि एक कैदी दाराशी उभी होती ती त्याला दिसली नाही.

मावशी परत त्याच दारासमोर उरली. मागे बांधलेले हात तिने सोडवले. उजवा हात तिने दारावर ठेवला आणि ढकललं. दार खरंच नुसतं लोटलेलं होतं.

आत सर आणि आणखी दोन परीक्षक होते. ती सरळ चालत गेली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

"हजर आहे," ती म्हणाली. "सहाव्या प्रकरणापासून विचारा."

सर काही बोलणार होते. पण दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षकबाईंनी तो कागद त्यांच्या हातातून घेतला, 'गैरहजर'वर काट मारली आणि पहिला प्रश्न विचारला.