एक न्यूटन कांदे

ज्ञानेश्वरी बारावीला भौतिकशास्त्रात तीन मार्कांनी राहिली. गणितं तिला येत होती, पण उत्तरापुढं एककं लिहायची राहून जात. सराव परीक्षेतच पंचाक्षरी सरांनी तिचा पेपर वर्गात फडकावला होता. "वीस काय गं? वीस मेंढ्या?" तिच्या घरी मेंढरं आहेत हे त्यांना ठाऊक होतं. वर्ग हसला. तिनं मान खाली घातली, आणि पुस्तक मिटलं ते मिटलंच.

सहा वर्षांनी लोहारा तालुक्यातल्या त्याच कॉलेजात ती कंत्राटावर लागली. काम प्रयोगशाळेतलं, झाडायचं आणि कपाटं पुसायचं. पुसता पुसता तिला सरांची खरी ओळख झाली. ताणकाटे, स्टॉपवॉच, व्हर्नियर, सगळं कारखान्याच्या प्लास्टिकमध्ये जसंच्या तसं बांधलेलं. पोरांच्या वह्यांतले आकडे सरांच्या एका पिवळ्या पडलेल्या वहीतून उतरवलेले. लंबकाच्या वीस झोक्यांचा वेळ गेली कित्येक वर्षं दशांशापर्यंत तोच. एवढं करून हा माणूस दर महिन्याला पगार उचलत होता, आणि मोटारसायकलवर 'प्रोफेसर' लिहून फिरत होता.

तिनं प्लास्टिक फाडलं. अकरावीचं जुनं पुस्तक काढून पहिल्या धड्यापासून बसली. लांबी मीटरमध्ये, वस्तुमान किलोग्रॅममध्ये, काळ सेकंदात, बल न्यूटनमध्ये. वाचलेलं हातानं मोजून बघायचं, असा तिनं नेमच केला. घरी नळाखाली पंधरा लिटरची घागर लावून ती मोबाइलवर वेळ बघत बसली.

"पंचाहत्तर सेकंद. म्हंजे मिनिटाला बारा लिटर, माय."

"मग पाणी वाढलं का?" आईनं, सिताबाईनं, विचारलं.

"न्हाय."

"मग ऊठ, घागर उचल."

पुढच्या जूनमध्ये सर अकरावीला एककं शिकवत होते. ज्ञानेश्वरी मागं खिडकी पुसत होती. सरांनी फळ्यावर लिहिलं: 'वजनाचं एकक किलोग्रॅम.'

"सर," ती म्हणाली, "किलोग्रॅम वस्तुमानाचं. वजनाचं न्यूटन."

सरांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पोरांना म्हणाले, "उद्या बाजारात जाऊन एक न्यूटन कांदे मागा रे! दुकानदार येड्याच्या इस्पितळात धाडंल."

पोरं हसली. या वेळी ती खाली बघत राहिली नाही. शेजारच्या खोलीतून ताणकाटा आणला, त्याला शंभर ग्रॅमचं पितळी वजन अडकवलं आणि पहिल्या बाकापुढं धरला.

"वाच गं."

भैरवी नावाची मुलगी डोळे बारीक करून म्हणाली, "एक... एकाला थोडं कमी. न्यूटन."

"एवढंच असतंय एक न्यूटन. हातात धरून बघा."

बाकं सोडून पोरं भोवती गोळा झाली. सरांचा चेहरा उतरला. शेवटी ते म्हणाले, "काटा बिघडलाय तो." ज्याला कधी हात लावला नाही, तो काटा बिघडल्याचं त्यांना लांबूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी तिला नोटीस आली: परवानगीविना साहित्य हाताळलं, अध्यापनात अडथळा आणला. कपाटाच्या चाव्या सरांनी काढून घेतल्या. तिनं वाद घातला नाही. असल्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे त्याला मोठं करायचं, असं तिला वाटलं.

फेब्रुवारीत तिनं बारावीचा राहिलेला पेपर दिला. प्रत्येक उत्तरापुढं एकक लिहिलं, आणि शंभरात एकाहत्तर मार्क पडले. उमरग्याला बी. एस्सी.ला प्रवेश मिळाला.

दाखल्यावर सही घ्यायला ती शिक्षकांच्या खोलीत गेली, तेव्हा पंचाक्षरी सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्याच हाताखाली घडली ही पोरगी. पहिल्यापासून हुशार. लई मेहनत घेतली मी हिच्यावर."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. ज्ञानेश्वरीनं सहीसाठी दाखला पुढं केला. समोर चहात बिस्कीट बुडवणारा हा माणूस किती हलका आहे हे तिला दिसत होतं, त्याचा रागही येत नव्हता. या माणसाला आपण सहा वर्षं भ्यालो, याचीच मात्र तिला एसटीत बसेपर्यंत लाज वाटत राहिली.