दोराचं उत्तर

चाकणच्या कंपन्यांमधल्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्या मी पाठीला सिलिंडर लावून, आत बुडी मारून साफ करतो. आता मास्कमध्ये फोन असतो, मनगटावर हवा दाखवणारं घड्याळ असतं. पूर्वी कमरेला फक्त दोर असायचा. मी एकदा ओढायचा, वरून जोडीदाराने एकदा ओढायचा, म्हणजे सगळं ठीक.

एका दुपारी गढूळ पाण्यात मी चारदा ओढला, चारही वेळा उत्तर आलं. वर आलो, तर दोर रेलिंगला बांधलेला आणि जोडीदार टपरीवरून चहा पिऊन परत येत होता. त्याला शिव्या घातल्या, पण त्या उत्तरांचं सांगितलं नाही.

सेफ्टी ऑफिसर विचारतो, आता दोर कशाला? तरी मी बांधतो. ओढून मात्र बघत नाही.