आप्पांची मूळ प्रत

आप्पांना कुणी रामराम घातला तरी ते आधी विचारत, "कागूद हाय का?" आमच्या कडेगावाकडच्या गावात आप्पा म्हणजे दूध संस्थेतले निवृत्त कारकून आणि स्वतःच्या मते भारत सरकार. औंधला यमाईच्या देवळात त्यांनी पुजाऱ्याकडंच पुजारी असल्याचा पुरावा मागितला, असं लोक सांगतात. मी तिथं नव्हतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

"भारतात जन्मलो म्हननं सोपं हाय गड्या. दाखव," असं ते पारावर बसून कुणालाही दरडावत. स्वतःचे कागद मात्र सांगलीच्या बँकेत लॉकरला. "मूळ प्रत अंगावर बाळगायची नसती." खिशात झेरॉक्सचा एवढा गठ्ठा, की माणूस डावीकडं कलून चालायचा.

ग्रामपंचायतीला पुतण्या उभा राहिला आणि आप्पा त्याचे एजंट म्हणून शाळेतल्या बूथवर बसले. समोरच्या पार्टीची मतं अडवायची, एवढंच काम. दुपारी हौसाक्का आली. ऐंशी उलटलेली सुईण, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. मी तिच्या मागंच उभा होतो.

"नाव?" मतदान केंद्राच्या साहेबांनी विचारलं.

"हौसा."

कार्डावर सुलोचना. लग्नात नवऱ्यानं तांदळात लिहिलेलं ते नाव. तो गेल्यापासून कुणी उच्चारलंही नव्हतं. आप्पा उठले. "माझी हरकत हाय साहेब. ही बाई कोन, पुरावा काय?"

हौसाक्का वळली. "आप्प्या, पायाळू तू. पायाला धरून वढलाय तुला म्या."

"त्येचा कागूद हाय का?"

नीच माणसं मी पुष्कळ पाहिलीत, काहींच्या पंगतीलाही बसलोय. पण त्या घटकेला आप्पांशेजारी बसवलं असतं तर गोचीडसुद्धा उठून गेला असता. साहेबांनी फोटो पाहिला, रांगेला विचारलं. "हौसाक्काच हाय," अख्खी रांग म्हणाली. म्हातारीनं मत दिलं. आप्पांची हरकतीची फी बुडाली.

पाचच्या सुमाराला आप्पा स्वतः मताला उठले आणि गठ्ठा काढला.

"झेरॉक्स नको. मूळ दाखवा," साहेब म्हणाले.

"लॉकरला हाय. आज बँकेला सुट्टी."

"मग अवघड आहे."

"आवं, सकाळपासनं तुमच्याम्होरं बसलोय मी."

"एजंट बसलाय. मतदार कोण, पुरावा काय?"

रांगेतल्या एकानंही आप्पांना ओळखलं नाही. दुपारीच मत देऊन दाराशी रेंगाळलेला मीही बुटाची नाडी बांधत होतो. पायात चप्पल होती ती गोष्ट वेगळी. पुतण्या एका मतानं पडला. खरं तर अकरा मतांनी, पण गाव एकच सांगतं.

आप्पा गेल्या वर्षी वारले. मृत्यूचा दाखला पोरानं वडिलांच्या शिस्तीनं लॉकरला टाकला, त्यामुळं परवाच्या मतदानालाही आप्पा यादीत होतेच. हौसाक्कानं मत दिलं, बोटावरची शाई फुंकली आणि जाता जाता टेबलाशी थांबली.

"आप्प्या आलाच साहेब, तर मला हाक मारा. मी वळखीन त्येला. कागूद नगं."