अप्पांचं लांब तोंडाचं मशीन

अप्पा गेल्याची बातमी आली तेव्हा मशीन चालू होतं. राधानगरीच्या पुढं, डोंगराच्या कडेला असलेल्या एका गावात आम्ही भाताच्या खळ्यावर होतो. नवं मळणी मशीन शेतकऱ्याकडं पोचलं की पहिल्या मळणीला आमच्या वर्कशॉपमधलं कुणीतरी हजर राहायचं, ही अप्पांची जुनी शिस्त. त्या दिवशी मी आणि आमचा बाबू फिटर गेलो होतो. तिथं मोबाइलला रेंज नाही. म्हणून माझ्या नवऱ्यानं, महावीरनं, गावच्या दूध संस्थेत फोन केला आणि संस्थेतला माणूस मोटारसायकल घेऊन थेट खळ्यावर आला. इंजिनच्या धडधडीत त्याचं बोलणं मला कळेना. तो ओरडून सांगतोय, मी "काय? काय?" म्हणून ओरडतेय. शेवटी बाबूनं इंजिन बंद केलं, आणि एकदम गप्प झालेल्या खळ्यावर त्याचं वाक्य मोठ्यानं पडलं, "म्हातारं गेलं तुमचं!" बिचारा इतका ओशाळला की डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

अप्पा म्हणजे माझे सासरे. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं मळणी मशीन बनवायचं वर्कशॉप. त्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा तेही यायचं म्हणून अडून बसले होते. डॉक्टरांनी घाटातला प्रवास नको म्हणून बजावलेलं. मी म्हटलं, "अप्पा, वर थंडी फार आहे." तर म्हणाले, "थंडी तुला वाजंल. मला इंजनापाशी बसव की." नाहीच नेत म्हटल्यावर जरा फुगले, मग जीपपर्यंत सोडायला आले आणि खिडकीतून म्हणाले, "भात वलं असंल तर घाई करू नगंस." दुपारी पोटभर जेवले, खुर्चीत टेकले, माझ्या सासूबाईंकडं, आक्कांकडं, ताक मागितलं. आक्का ताक घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं... पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाला याहून सोपं मरण काय मिळणार! दीड महिना झाला. रडून झालं. आता त्यांच्याविषयी बोलायला बसलं की आम्ही घरचे हसायलाच लागतो, म्हणून लिहायचं धाडस करते आहे.

त्यांची माझी पहिली भेट कबनूरला, माझ्या माहेरी. माझ्या वडिलांचे यंत्रमाग. मागाच्या खडखडाटातच मी वाढले आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. वर्गात मी एकटीच मुलगी. नव्वदीच्या दशकात आमच्या जैन समाजात अशा मुलीला स्थळ बघणं म्हणजे वडिलांच्या जिवाला घोरच होता. बघायला आलेले लोक "स्वयंपाक येतो का?" विचारायचे आणि डिप्लोम्याचा विषय निघाला की चहात बघायचे. अप्पा आले, पोह्यांची बशी हातात घेतली आणि पलीकडच्या शेडमधल्या मागांकडं कान देऊन त्यांनी मला विचारलं, "त्यो धोटा सूत घेऊन जातोय, ते बघितलंय मी. पर परत कसा येतोय गं?" मी म्हटलं, "येत नाही, त्याला आणतात. दोन्हीकडनं मार खातो तो." अप्पा इतक्या जोरात हसले की पोहे सांडले. मग बशी तशीच ठेवून शेडमध्ये गेले, सुताच्या धुळीत उभं राहून माग बघत राहिले. महावीर बँकेत नोकरीला, त्याला यंत्राची आवड शून्य. घरी जाताना अप्पा वडिलांना म्हणाले, "पोराला बायको पाहिजेच हाय. पर मलाबी बोलायला कोणतरी पाहिजे की."

लग्नानंतर महिन्याभरात मी वर्कशॉपला जायला लागले. उद्यमनगरातले लोक चहाच्या टपरीवरून वाकून बघायचे. अप्पांनी त्याचं कधी काही वाटून घेतलं नाही. तेव्हा त्यांचं गहू-ज्वारीचं मशीन चांगलं चालायचं. रचना तशी साधी. लोखंडी दात्यांचा ड्रम जाळीवर गरगर फिरतो, कणसं दात्यांनी झोडली जातात, दाणे जाळीतून खाली पडतात, पंखा भुसा उडवतो आणि हलत्या चाळणीवरून स्वच्छ धान्य बाहेर येतं. पण भाताचं तसं नव्हतं. राधानगरीकडचे शेतकरी हे मशीन बघून जायचे आणि परत यायचे नाहीत. एकदा एका म्हाताऱ्यानं तोंडावरच सांगितलं, "भात निघतंय झकास. पर पिंजराचा चुरा हुतोय न्हवं? म्हसरांनी काय खायाचं? पितळंत घालून चमच्यानं भरवू?" त्या भागात घरटी म्हशी. भाताचा पेंढा, म्हणजे पिंजर, लांब राहिला तरच त्याची वैरण, आणि वैरण असेल तर दूध. अप्पांनी ते बोलणं मनाला लावून घेतलं. जेवताना ते भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसायचे आणि आक्का म्हणायच्या, "ह्यांच्या डोसक्यात पिंजर शिरलंय."

पुढं दोन हंगाम आम्ही त्या पिंजराच्या मागं होतो. ड्रम लांब केला, म्हणजे पेंढी एका टोकानं आत जाईल, ड्रमभोवती फिरत फिरत सरकेल आणि झोडली जाऊन दुसऱ्या टोकानं अखंड बाहेर पडेल. ती सरकावी म्हणून वरच्या झाकणाला आतून तिरप्या पट्ट्या लावायच्या. या पट्ट्या किती तिरप्या, यावर आमचं खरं भांडण. अप्पांचं म्हणणं भरपूर तिरप्या. पेंढा पटकन बाहेर जाऊ दे. मी म्हणत होते, पटकन गेला तर दाणे पेंढ्यातच राहतील. आवाज इतका चढायचा की शेजारच्या फाउंड्रीतली माणसं मिटवायला यायची. शेवटी दोन झाकणं केली, एक त्यांचं, एक माझं. त्यांच्या झाकणानं पेंढा सुसाट बाहेर आला आणि दाणेही त्याच्याबरोबर. अप्पा मशीनवर चढले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "चुकलं! माझं चुकलं! सून बरोबर हाय!" मला लाजून कुठं बघावं कळेना. चूक सापडली की या माणसाला लॉटरी लागल्यासारखं व्हायचं. पुढच्याच आठवड्यात ओला पेंढा माझ्या झाकणाखाली ड्रमच्या टोकाला गुंडाळला जाऊन इंजिनचा पट्टा जळायला लागला, तेव्हा "आता तुझं चुकलं!" असंही ते तेवढ्याच आनंदानं ओरडले आणि टोकाला रुंद चकत्या बसवायची युक्ती त्यांनीच काढली.

मशीन जमलं. ऐन सुगीत आम्ही ते राधानगरीकडं एका गावात नेलं. सगळा गाव खळ्यावर. पहिल्याच पेंढ्या गेल्या, एकीकडं भात, दुसरीकडं लांब पिवळा पेंढा, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. तिथंच चार-पाच जणांनी आगाऊ मागणी नोंदवली. पेंढ्या आत सारायचं काम बायकांचं. हौसाबाई म्हणून एक बाई तोंडाशी उभ्या होत्या, हातभर हिरवा चुडा. पेंढीचं एक ओलं काड त्यांच्या बांगड्यांत अडकलं आणि पेंढीबरोबर हात आत निघाला... मला अजून ते डोळ्यांसमोर येतं. अप्पा शेजारीच होते. त्यांनी बाईंना कमरेला धरून मागं ओढलं आणि दोघंही पेंढ्यांवर पडले. बांगड्या फुटल्या, मनगटाला काचा लागून रक्त आलं. तेवढंच. हात शाबूत. हौसाबाई उठल्या, हात झटकला, म्हणाल्या, "काय न्हाई झालं, चालू करा." पण अप्पा उठले ते इंजिनकडं गेले, इंजिन बंद केलं आणि बाबूला म्हणाले, "भर गाडीत."

गावकऱ्यांना ते मुळीच पटलं नाही. भात खळ्यावर पडलेलं, आभाळ आलेलं. ज्यांनी मागणी नोंदवली होती त्यातला एक जण पुढं झाला. "पावणं, भात आमचं, हात आमचा. तुमचं काय जातंय?"

अप्पा म्हणाले, "हात तुमचा असंल. मशीन माझं हाय की!"

वर्कशॉपला पोचल्यावर मशीनच्या तोंडात त्यांनी स्वतःचा हात घातला. सहज ड्रमला लागला. "बघ," ते म्हणाले, "आपुन म्हसरांचं बघितलं, बाईचं बघितलंच न्हाई." मग म्हणाले, "तोंड असं पाहिजे की कुणाचाबी हात पोचू नये. कुणाचाबी!" तो अख्खा हंगाम त्यांनी भाताचं एकही मशीन विकलं नाही. मागणी घेऊन आलेल्यांना आक्का चहा द्यायच्या आणि अप्पा "पुढच्या सुगीला" म्हणून परत पाठवायचे. महावीर काळजीनं बोलून बघायचा, पण त्यांच्यापुढं कुणाचं काय चालणार!

कुणाचाही हात पोचू नये म्हणजे सगळ्यात लांब हात कुणाचा, हे आधी शोधायला हवं. आम्ही मशीनच्या तोंडाला पत्र्याची लांब परात केली, वरून झाकलेली, ड्रमकडं उतरती. बाबूचा हात पोचला नाही. महावीरचा नाही. अप्पांचं समाधान होईना. एके सकाळी ते जवळच्या तालमीत गेले आणि लाल माती अंगावर असलेला एक पैलवान घेऊन आले. दारातनं आत येताना त्याला वाकावं लागलं. अप्पांनी त्याला परातीवर पालथा झोपवला आणि म्हणाले, "घाल हात. ड्रमला बोट लागलं तर महिनाभर दूध माझं." पैलवानानं दुधाच्या आशेनं असा काही रेटा दिला की परात वाकली, आणि त्याचं बोट ड्रमला लागलं! उद्यमनगर खदखदून हसलं. आम्ही परात वाढवली. पैलवान दुसऱ्या दिवशी परत आला, आणि या वेळी कितीही लोळला तरी पोचेना. अप्पा आनंदानं त्याच्या पाठीवर थापा मारत होते. तरी दूध त्याला महिनाभर गेलंच. आमच्याच घरातल्या म्हशीचं, म्हणून आक्का मात्र पैलवानाचं नाव निघालं की अजून नाक मुरडतात.

लांब तोंडामुळं पेंढी आपोआप सरकेना, ती वेगळीच कटकट. मी उतार बदलून बदलून हिशोब करत होते आणि अप्पा प्रत्येक उतारावर पेंढ्या सोडून बघत होते. शेवटी गुळगुळीत पत्रा आणि मागच्या पेंढीनं पुढची ढकलायची, यावर जमलं. पुढच्या सुगीला मशीन विकायला काढलं तर लोक हसले. "सुसर" असं त्याला नाव पडलं. काम जरा सावकाश, जागा जास्त. पहिल्यांदा फार कमी गेली. मग एक दिवस त्याच गावचा, तो "हात आमचा" म्हणणारा, वर्कशॉपच्या दारात उभा. खाली बघत म्हणाला, "सुसर पाहिजे. बायका दुसऱ्या मशीनला हात लावंनात. हौसाबाईनं समद्यास्नी सांगून ठेवलंय." अप्पांनी त्याला मिठी मारली. पुढची दहा-बारा वर्षं आमचं घर त्या सुसरीवर चाललं.

इतरांनी तिची नक्कल केली तेव्हा महावीर चिडला होता. काही जण पत्रा वाचवायला तोंड आखूड करायचे. अप्पा स्वतः मशीनची ड्रॉइंगं घेऊन त्यांच्या दारात गेले. "कॉपी करा की! पर तोंड कापू नका," एवढंच सांगून आले. दोघा-तिघांनी ऐकलंही. अलीकडं मोठी कापणी-मळणीची मशीनं आली तेव्हा मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. सांगलीकडच्या एका शेतात तसलं मशीन चालू आहे कळल्यावर ते मला घेऊन गेले, चालकाला विनवून वर चढले आणि तासभर खाली आले नाहीत. उतरले ते धुळीनं पांढरे होऊन. "ह्येनं आपल्यापेक्षा लई बरं केलंय," म्हणाले, "बाईमाणसाला जवळ जायाचीच गरज न्हाई." घरी येईपर्यंत त्याच्या चाळण्यांविषयीच बोलत होते. डोंगरातल्या लहान वाफ्यांत ते मशीन जाणार नाही, तिथं अजून सुसरच लागते, हे मी सांगितलं तर म्हणाले, "असू दे. बरं ते बरंच."

त्यांच्या मागं वर्कशॉप चालूच आहे. तयार मशीन गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी मागच्या अंगणात चालवून बघतो, त्यासाठी भाताच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या असतात. गेल्या आठवड्यात, ते गेल्यानंतर पहिल्यांदाच, एक मशीन चाचणीला लावलं. इंजिन सुरू झालं, बाबूनं पेंढ्या सोडल्या. आणि मग आम्ही सगळेच, काही न ठरवता, मशीनच्या मागच्या टोकाकडं बघायला लागलो. अप्पा तिथं उभे राहायचे. पेंढा जिथं बाहेर पडतो तिथं, दोन्ही हात पसरून, अंगावर घेत. डोक्याचा कोसा फेटा डोळ्यांवर ओढून घ्यायचे, आलेला पेंढा मुठीत चोळायचे, एखादा दाणा राहिलेला सापडला की भात वाळलंय का बघायला सोलून दाताखाली धरायचे आणि मग मान हलवायचे, होय किंवा नाही. ती मान हलेपर्यंत बाबू इंजिनपासून हलत नसे. आता तिथं कुणीच नव्हतं. पेंढा नुसता जमिनीवर पडत होता आणि ढीग वाढत होता. बाबू माझ्याकडं बघत होता.

मी पदर खोचला आणि जाऊन उभी राहिले. पेंढा आला तो गरम होता, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मानेत, केसांत, ब्लाऊजच्या बाह्यांत काडं शिरली, सगळ्या अंगाला खाज सुटली. मुठीत चोळून बघितलं. एकच दाणा सापडला. सोलून दाताखाली धरला, कटकन फुटला, आणि मी बाबूकडं बघून मान हलवली, होय.