महागाईवरची दोन भाषणे

आमच्या भजनी मंडळाचा हरिपाठ अर्ध्या तासात संपतो. त्यानंतर मंदिराच्या ओट्यावर जे बसणे होते, ते मात्र लवकर संपत नाही. मुखाने घेतलेले नाम देवापर्यंत किती पोहोचते ते तोच जाणे. ओट्यावरचे बोलणे गावभर पोहोचते, हे मी पाहिले आहे. आमचे टाळकरी विष्णूभाऊ पंचायत समितीच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, त्या वर्षीचे बोलणे तर अजून विरलेले नाही. मंडळातली दोन माणसे भेटली की एखादा किस्सा निघतोच.

नव्वदचे दशक सरत आले होते. डाळ, तेल आणि कांदा एकदमच चढले होते. विष्णूभाऊ त्याआधी दोन वेळा पडले होते. या वेळी पडलो तर पुन्हा उभा राहणार नाही, असे त्यांनी देवासमोर टाळ ठेवून सांगितले होते. महागाई हा एकच मुद्दा त्यांनी धरला. लोक चिडलेले आहेत, तेव्हा लोक आपल्याला मत देतील, हा त्यांचा हिशेब. वरवर पाहता तो चूक नव्हता.

*

पहिली सभा आमच्याच गावात, चावडीपुढे झाली. आमचे गाव आणे पठारावर; कोठेही लांब जायचे तर एस.टी.चा पहिला मोठा थांबा आळेफाटा. पाणी कमी, पण ज्यांच्या विहिरीला पाणी होते त्यांनी कांदा केला होता आणि तो कांदाचाळीत भरून ठेवला होता. भाव आणखी चढेल या आशेने कोणी चाळीचे दार उघडत नव्हते.

विष्णूभाऊ म्हणाले, "माता-भगिनींनो, चूल पेटवणं अवघड झालंय. मला निवडून द्या. तेल, डाळ, कांदा, सगळ्याचा भाव खाली आणतो."

टाळी वाजली नाही. आमचे पखवाजवाले सोपानकाका शांतपणे उठले.

"भाऊ, तेल खाली आण, डाळ खाली आण. कांद्याला तेवढा हात लावू नगंस. दोन ट्रॉल्या अजून चाळीत हायेत माज्या."

बायकांच्या बाजूने लगेच आवाज आला. तो सोपानकाकांच्याच सुनेचा होता.

"आन त्या चाळीतला एक कांदा घरात येऊ देत न्हाईत, ते बी सांगा की मामंजी."

त्या सभेत भाषण पुढे झाले नाही. हसणेच झाले.

*

त्यानंतर विष्णूभाऊंनी दोन भाषणे तयार केली. ज्या गावात चाळी रिकाम्या, तेथे कांदा महाग झाल्याचे दुःख. ज्या गावात चाळी भरलेल्या, तेथे शेतकऱ्याला चार पैसे मिळू लागल्याचा आनंद. मी त्यांना म्हटले, "विष्णूभाऊ, एका जिभेने दोन अभंग म्हणता येतात, दोन सत्ये सांगता येत नाहीत."

ते म्हणाले, "गुरुजी, तुमी शाळेत एकच धडा सगळ्यांना शिकवता. आमचं तसं न्हाई. आमच्या वर्गात पोरं परीक्षा देत न्हाईत, घेत्यात."

शेजारच्या गावी जाण्यापूर्वी त्यांनी चौकशी करवली. चाळी गच्च भरलेल्या आहेत, असा निरोप आला. भाऊंनी आनंदाचे भाषण काढले. "कांद्याला सोन्याचा भाव आलाय. माझ्या शेतकरी राजाच्या घरी दिवाळी आली." समोरची माणसे जमिनीकडे पाहत बसली. शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पावणं, चाळी आमच्या हायेत. कांदा व्यापाऱ्याचा हाये. आमी उन्हाळ्यातच इकला, मातीमोल."

माणसाने दुसऱ्याच्या घरात भरलेले पाहावे. पण ते कोणाचे आहे, हेही विचारावे.

*

उमेदवाराच्या घरी चहाचे आधण उतरत नाही. सुलोचनावहिनींनी, म्हणजे विष्णूभाऊंच्या मंडळींनी, आठवडाभर दुधाचा चहा दिला. मग दूध निम्मे केले. साखरही चढली, तेव्हा गुळाचा कोरा चहा सुरू झाला. भाऊंना वाटले, हे चांगलेच झाले. महागाई लोकांना कपात दिसेल.

चहा पिऊन बाहेर पडलेले दोघे ओट्यासमोरून गेले. त्यांचे बोलणे आम्ही सर्वांनी ऐकले.

"ज्याला चहात दूध घालाया परवडत न्हाई, त्यो आपला रस्ता काय करनार?"

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात पुन्हा दूध आले. कोठून आले, ते वहिनींनाच ठाऊक. त्यांनी एवढेच विचारले, "तुमच्या भाषणात रोज डाळ येती. घरात कधी यायची?"

*

हमीदभाईंचे किराणा दुकान वेशीजवळ आहे. ते नमाजी गृहस्थ. तरी आमच्या सप्ताहाची मोठी पातेली दरवर्षी त्यांच्याकडूनच येतात. कोण निवडून येणार, असे त्यांना दोन्ही गटांचे लोक विचारत. कोण येणार ते त्यांनी कधीच सांगितले नाही.

"कोण पडणार, ते सांगतो," म्हणाले. "बरे दिवस असले की गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघतं. पोराबाळांचं विचारतं. दिवस वाईट आले की तेच गिऱ्हाईक मापाकडं बघाया लागतं. असं झालं की खुर्चीवर जो असंल, त्यो पडतो."

"मग आवंदा?"

"आवंदा माझी पोरं कशी हायेत, कुणी इचारलं न्हाई."

*

मतदानाच्या आधी आमचा सप्ताह येत होता. काल्याच्या दिवशी प्रत्येक घरातून भाकरी येते आणि मंदिरात मंडळ आमटी शिजवते, अशी आमची रीत. डाळ इतकी महाग झालेली, की आमटी होते की नाही असा प्रश्न पडला. विष्णूभाऊंच्या विरोधातल्या, सत्ताधारी गटाच्या उमेदवाराने निरोप पाठवला, की सगळी डाळ मी देतो. फक्त पंगतीच्या आधी स्पीकरवर माझे नाव घ्या. हे कळताच विष्णूभाऊंनीही तेवढीच डाळ देऊ केली. अट तीच.

मंडळाच्या वतीने मी दोघांनाही नकार दिला. देवाच्या पानात मत वाढता येत नाही.

सोपानकाकांना ते पटले नाही. "गुरुजी, आमटी पातळ व्हईल."

झालीच. पंगत बसली. सोपानकाकांनी भाकरी कुसकरली, वर आमटी घेतली आणि बराच वेळ पानात पाहत राहिले.

"गुरुजी, येवढे उमेदवार उभे हायेत. ह्यातली डाळ हुडकाया बी एक उभा करा."

सर्वांनी पोटभर खाल्ले. कोणाचेही नाव घ्यावे लागले नाही.

*

हमीदभाईंचे खरे ठरले. विष्णूभाऊ निवडून आले. जुन्नरहून गुलालात माखलेली जीप संध्याकाळी वेशीत शिरली. हलगी वाजत होती. तिसऱ्या खेपेला देव पावला, असे म्हणत भाऊ प्रत्येकाच्या पाया पडत होते. मीही त्यांना नारळ दिला. मिरवणूक त्यांच्या दारात आली.

उंबऱ्यात सुलोचनावहिनी ओवाळण्याचे ताट घेऊन उभ्या होत्या. कुंकू होते, अक्षता होत्या, निरांजनात वात होती. वात कोरडी होती.

कोणीतरी म्हणाले, "वैनी, लावा की दिवा. भाऊ किती वेळ उभं राहत्याल?"

"तेल स्वस्त झालं की लावते," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनीच सांगितलंय, निवडून आलो की करतो म्हणून."

हलगी थांबली. विष्णूभाऊंनी डोळ्यांवरचा गुलाल पुसला. आवाज खाली घेऊन म्हणाले, "अगं, मी पंचायत समितीत निवडून आलोय. तेलाचा भाव तिथं ठरत न्हाई. त्यो दिल्लीत ठरतो."

वहिनींनी ताट हलवले नाही.

"मतं मागताना समद्या बायांना दिल्लीपत्तोर नेत व्हता. आता आळेफाट्यालाच उतरवता व्हय?"